उसातले एकरंगी जीव : नाव आणि ओळख

– ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



गट ऑफिसात बसलो की दिवसातून एकदा तरी असा निरोप येतोच, "साहेब, उसात कसलं तरी पाखरू आलंय. औषध सांगा." विचारावे, कसले पाखरू? तर उत्तर येते, "करडंच आहे. त्याच्यावर विशेष असं काय नाही बघा." आता या 'विशेष काही नाही' वर औषध कसे सांगणार? अंगावर पट्टे असलेला, ठिपके असलेला जीव असला की आपण त्याचे वर्णन बिनचूक करतो. पण साध्या एका रंगाचा जीव दिसला की आपली जीभ अडखळते. पांढरे ते पांढरे, तांबडे ते तांबडे. आणि उसाचे खरे नुकसान करणारे, तसेच खरा फायदा करणारेही, बहुतेक याच एकरंगी जातीतले आहेत. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी चार गोष्टी लिहीत आहे.

वास्तविक शेतकऱ्याला साधा रंग ओळखता येत नाही असे कोण म्हणेल? जनावरांच्या बाजारात उभे राहून बघा. शहरातल्या माणसाला सगळी खिल्लारे पांढरीच दिसतात. आपला माणूस लांबूनच सांगतो, हा कोसा, हा काजळी. गाय सगळी एका रंगाची असली तर कपिला, बैल पांढरा असला तर ढवळ्या, तांबूस असला तर पवळ्या. अंगावर एकही ठिपका नसताना रंगाची छटा, खांद्याचा काळेपणा, शिंगाचा आणि खुराचा रंग यांवरून आपण नावे ठेवली. कारण बैलाला पैसा मोजावा लागतो. किडीचे पैसे आपण नंतर मोजतो, आणि मोजतो आहोत हे पुष्कळदा कळतही नाही.

शास्त्रज्ञांचीही या बाबतीत आपल्यासारखीच अडचण झालेली आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत पक्की केली. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या जातीचा. जातीच्या नावात बहुधा अंगावरची खूण असते. पण खूणच नसली तर? मग नाव पडते 'कॉन्कलर', म्हणजे सगळीकडे सारखाच रंग. 'युनिकलर', म्हणजे एकरंगी. 'इम्मॅक्युलाटा', म्हणजे डाग नसलेली. 'इनॉर्नाटा', म्हणजे दागिना न घातलेली. अमेरिकेतल्या प्यूमा नावाच्या मोठ्या मांजराला लिनियसने १७७१ साली 'कॉन्कलर' म्हटले. आणि आपल्या किल्ल्यांच्या कड्याला, जुन्या देवळाच्या कमानीला मातीची वाटी चिकटवून घरटे करणारी जी काळपट पाकोळी आहे तिच्याही नावात हेच 'कॉन्कलर' आहे. कुठे प्यूमा आणि कुठे पाकोळी!

दख्खनचा कर्नल आणि साधा वटवट्या

या पाकोळीला नाव देणारा माणूस आपल्याच मुलखात फिरलेला होता. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये त्याला मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. पिके कोणती, जमिनीचा धारा किती, गावात माणसे किती, हे लिहून घेत तो आपल्या भागातून हिंडला. थोडक्यात, आजच्या भाषेत पीक पाहणीचेच काम. ते करता करता त्याने पक्षी, जनावरे, मासे हेही टिपले आणि दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कामकाजात छापून आली. पुढे हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन झाला, पण आपल्याला त्याच्याशी कर्तव्य आहे ते त्या यादीपुरते.

त्या यादीत एक अगदी किरकोळ पक्षी आहे. चिमणीपेक्षा लहान, पाठ मातकट, पोट फिकट पिवळसर, शेपूट अंगाच्या मानाने लांब. साइक्सने त्याला नाव दिले 'प्रिनिया इनॉर्नाटा'. प्रिनिया हा शब्द जावा बेटातल्या लोकांचा, तिथल्या अशाच एका पक्ष्याला ते 'प्रिन्या' म्हणत. इनॉर्नाटा म्हणजे नटवा नसलेला. मराठीत याला साधा वटवट्या म्हणतात, आणि नाव चांगले जमले आहे. लॅटिन नावात त्याचा पोशाख तेवढा आला. मराठीने त्याचा आवाजही घेतला. उसाच्या पाल्यावर किंवा बांधावरच्या गवताच्या शेंड्यावर बसून हा किट्-किट्-किट् असा एकसारखा, नाकतोड्यासारखा आवाज काढतो, तो तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे. फक्त तो पाखराचा आहे हे पुष्कळांना माहीत नाही.

याचाच भाऊबंद राखी वटवट्या, त्याचेही वर्णन साइक्सनेच त्याच यादीत केले. डोके व पाठ राखेसारखी असली तर तो राखी. साध्याच्या डोळ्यावर फिकट भुवई असते, विणीच्या दिवसांत राखीला ती नसते. राखी उडताना चटचट असा आवाज करतो, वायरीत ठिणग्या उडाव्यात तसा. साधा वटवट्या पोशाख बदलतो हेही लक्षात ठेवा. विणीच्या हंगामात तो जास्त करडा दिसतो, हिवाळ्यात तांबूस होतो आणि शेपूटही लांब होते. एकाच पाखराला दोन पाखरे समजण्याची चूक यामुळे होते.

पण खरी गंमत घरट्यात आहे. गवताच्या धांदोट्या विणून केलेली लांबट पिशवी, तोंड वरच्या बाजूला. आत चार-पाच अंडी. आणि अंडी अशी की बघत राहावे. निळसर हिरवी, वर गडद तपकिरी शाईचे मोठे शिंतोडे आणि रेघोट्या. राखीची तर चकचकीत विटकरी तांबडी. अंगावर एक दागिना नाही, सगळी हौस अंड्यावर केलेली! म्हणून नुसत्या पाखरावरून ठरत नसेल तर रिकाम्या घरट्यातल्या फुटलेल्या टरफलावरून ठरते. भरल्या घरट्याला मात्र हात लावू नये.

हा पक्षी दाणे खातो असा काही सभासदांचा समज आहे. तसे नाही. बारीक अळ्या, भुंगे, मुंग्या हा त्याचा आहार. त्याच्यामुळे कीड संपते असा दावा मी करणार नाही, तेवढा त्याचा जीव नाही. पण फुकट राबणारा गडी हाकलून देण्यातही शहाणपण नाही.

साइक्सची आणखी एक गोष्ट आवडण्यासारखी. माशांना नावे देताना त्याने पुष्कळदा लॅटिनच्या मागे न लागता इथलेच शब्द घेतले. मुळा-मुठेतला मोठ्या खवल्यांचा मासा त्याने १८३९ साली 'खुडरी' या नावाने नोंदवला आणि तो आजही शास्त्रात 'टॉर खुडरी' आहे. गावचा शब्द शास्त्राला चालतो तो असा. मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशासाठी पक्ष्यांची मराठी नावे जमवली तीही यासाठीच मोलाची. तेव्हा गट ऑफिसात येताना लॅटिन नको, तुमच्या वाडीत त्या जिवाला जे म्हणतात ते सांगा. नुसते 'पाखरू' मात्र सांगू नका.

पट्टे नाहीत हीच खूण

आता पैशाच्या गोष्टीकडे येतो. ऊस पोखरणाऱ्या अळ्या आपल्याकडे मुख्यतः तीन. खोडकिडीच्या अळीच्या पाठीवर जांभळट पाच रेघा असतात. कांडी किडीच्या अळीवर चार रेघा आणि ठिपके. शेंडे किडीची अळी मात्र मलईसारखी पांढरट-पिवळसर, साफ कोरी. अळी हातात घेऊन सभासद म्हणतो, "हिच्यावर काहीच नाही." अहो, तेच तर सांगायला पाहिजे! रेघ नाही म्हणजे ही शेंडे कीड असण्याचा संभव मोठा. अळी अंगाने गुलाबी झाक मारत असेल तर मात्र ती गुलाबी खोडकीड समजावी. तिच्याही पाठीवर रेघा नसतात.

शेंडे किडीचा पतंगही असाच पांढराशुभ्र. पंखावर ठिपका नाही, रेघ नाही. मादीच्या शेपटाकडे तेवढा नारिंगी केसांचा झुबका असतो. पानाच्या खालच्या बाजूला अंडी घातल्यावर हेच केस ती अंड्यांवर पसरते, त्यामुळे अंड्यांचा पुंजका भुरकट लोकरीचा तुकडा चिकटल्यासारखा दिसतो. अळी पानाच्या मधल्या शिरेतून खाली उतरते. शिर चिरून बघितली तर आत लालसर बोगदा दिसतो. पुढे पान उलगडले की छर्रे मारल्यासारखी भोके ओळीने दिसतात, पोंगा मरतो आणि मोठ्या उसात शेंड्याला झाडूसारखे फुटवे येतात.

या पांढऱ्या पतंगाच्या नावाचा घोळ शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे निस्तरता आला नव्हता. लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९४ साली एका पांढऱ्या पतंगाला 'निव्हेला' म्हटले होते, म्हणजे बर्फासारखा. आपल्याकडच्या शेतीच्या पुस्तकांतून उसाच्या शेंडे किडीला हेच नाव चालत आले. डिप्लोमाच्या अभ्यासाला मीही जुन्या पुस्तकातून हेच पाठ केले. पण १९८१ साली लेववानिच यांनी या घराण्यातल्या पतंगांची नव्याने छाननी छापली. पंख सगळ्यांचे पांढरेच, तेव्हा पंख बघून भागत नव्हते. जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागली. उसावरची कीड वेगळी ठरली, आणि वॉकर याने १८६३ मध्ये दिलेले 'सिर्पोफॅगा एक्सर्प्टॅलिस' हे नाव तिचे खरे नाव झाले. जुने पुस्तक वाचताना निव्हेला दिसले तर ती दुसरी कोणती कीड समजून घाबरू नये. उसावरची म्हणून लिहिलेली असेल तर ती हीच.

यात शेतकऱ्याचे काय अडते, असे कोणी विचारील. अडते ते ट्रायकोकार्डापाशी. खोडकिडीसाठी आणि कांडी किडीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस जातीचे कार्ड लागते. शेंडे किडीसाठी ट्रायकोग्रामा जपोनिकमची शिफारस आहे. दोन्ही कार्डे दिसायला सारखी. कीड एक आणि कार्ड दुसरे असे झाले तर कार्ड पानाला टाचून आपण निर्धास्त बसतो आणि खाली पोंगे मरत राहतात. मग गावभर होते की "कार्डाचा काही उपयोग नाही." कार्डाला दोष देण्याआधी अळीच्या पाठीवर रेघा होत्या का ते आठवून बघा.

हुमणीचेही तसेच. मातीतून निघालेली पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी म्हणजे हुमणी, हे कोणीही सांगेल. पण हुमणी एक नाही. माळावरची हुमणी ती होलोट्रिकिया, नदीकाठची ती ल्युकोफोलिस. दोघींच्या अळ्या शेजारी ठेवल्या तर साध्या डोळ्यांना एकसारख्या. अभ्यासक काय करतात, तर अळी उलटी करून शेवटच्या वळीच्या खालचे बारीक केस आणि काटे भिंगातून बघतात. ते कसे मांडलेले आहेत त्यावरून जात ठरते. साऱ्या अंगावर खूण नाही, ती ठेवली आहे अशा ठिकाणी! भुंगेरेही साधे तपकिरीच. ल्युकोफोलिस या नावाचा अर्थ पांढऱ्या खवल्यांचा.

फरक आहे तो भुंगेऱ्यांच्या वागण्यात. माळावरचे भुंगेरे वळवाचा पाऊस झाला की दिवस मावळताना जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला जमतात. फांद्या हलवून खाली पाडून रॉकेलच्या पाण्यात टाकता येतात ते हेच. नदीकाठच्या जातीचे भुंगेरे असे झाडावर गोळा होत नाहीत, त्यामुळे झाडे झोडपून तिथे काही हाती लागत नाही. नदीकाठच्या गावांनी लिंबाखाली रात्र काढायची आणि माळावरच्या गावांनी घरी झोपायचे, असे उलटे प्रकार पाहण्यात आले आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले.

लोकरी माव्याच्या साली

जुन्या सभासदांना २००२ साल आठवत असेल. त्या वर्षी सांगली भागापासून लोकरी मावा पसरत गेला आणि उसाची पाने खालून पांढरी, वरून काळी पडली. फवारणीला पंप मिळेनात. त्या गर्दीत पानावर दोन जीव दिसायला लागले. एक हिरवट-भुरकट अळी, माव्यात जाळी करून बसणारी. ती डिफा. दुसरा बारीक, तपकिरी, पातळ पंखांचा कीटक. तो मायक्रोमस. दोघांचाही आहार लोकरी मावा. पण रंगाने इतके साधे की 'आधीच मावा, त्यात ही नवी कीड' असे समजून अनेकांनी त्यांच्यावरच औषध मारले. औषधाने मावाही मेला आणि त्याला खाणारेही मेले. मावा पुन्हा वाढला, खाणारे लगेच वाढले नाहीत. ज्यांनी हे मित्रकीटक दुसऱ्याच्या प्लॉटमधून पानासकट आणून सोडले त्यांचा खर्च वाचला. मायक्रोमसचे पूर्ण नाव 'मायक्रोमस इगोरोटस', फिलिपिन्समधल्या इगोरोट लोकांवरून पडलेले. डिफाचे पुढचे नाव 'अफिडिव्होरा', म्हणजे मावा खाणारी. या नावात रंगरूप नाही, कामच सांगितले आहे, आणि मला ते जास्त पटते.

धामण आणि रानमांजर

शेवटी दोन मोठे जीव. उसात उंदीर आणि घुशी किती नुकसान करतात ते सांगायला नको. त्यांचा वैरी म्हणजे धामण. लिनियसने १७५८ साली तिच्या नावात 'म्युकोसस' शब्द घातला, म्हणजे बुळबुळीत. धामणीचे अंग कोरडे असते, त्यामुळे हे नाव तिला अजिबात शोभत नाही, पण एकदा पडलेले नाव शास्त्रात तसेच चालते. आपल्याकडे तिच्यावर याहून मोठे आळ आहेत. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ती नागाची मादी असते. दोन्ही खोटे. रंग मातकट, पिवळट किंवा काळपट, फणा नाही, डोळा मोठा, ओठांवर उभ्या काळ्या रेघा, शेपटाकडच्या भागावर आडवे काळे पट्टे.

मात्र इथे एक इशारा. नागही साधा तपकिरी असतो आणि फणा काढीपर्यंत धामणीसारखा दिसू शकतो. मण्यारीचे पांढरे पट्टेही कधी कधी इतके पुसट असतात की ती नुसती काळी वाटते. म्हणून ओठाच्या रेघा बघायला जवळ जाऊ नये. लांबूनच वाट द्यावी. साप दिसला की आधी काठी, मग ओळख, ही रीत सोडावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे धामण मारणे गुन्हा आहे.

दुसरे, रानमांजर, कोणी बाऊल म्हणतात. वाळूच्या रंगाचे, घरच्या मांजरापेक्षा मोठे, पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वळी, कानाच्या शेंड्याला थोडे काळे केस. बाकी अंग साधे. वेत, लव्हाळे, ऊस अशा दाट जागी राहते आणि मुख्यतः उंदरांवर जगते. आपल्या फडात ते असणे हे भाग्यच. पण ऊसतोडीला फडात त्याची पिल्ले सापडली की आरोळी उठते, "बिबट्या, बिबट्या!" घोटाळा असा की मोठे रानमांजर साधे असले तरी पिल्ले साधी नसतात, त्यांच्या अंगावर पुसट पट्टे असतात आणि वाढता वाढता ते जातात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर लहानपणीच दाट काळे ठिपके दिसतात. आणखी एक वाघाटी नावाचे अगदी लहान मांजर आहे, त्याच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात, तेही आपल्याकडच्या उसात पिल्ले घालते.

पिल्ले कोणाचीही असोत, ती उचलून गावात आणू नयेत, फोटोसाठी हातात घेऊ नयेत. तेवढ्या सऱ्या सोडून तोड दुसऱ्या बाजूने चालू ठेवावी आणि वन खात्याला व गट ऑफिसला कळवावे. आई जवळपासच असते आणि अंधार पडल्यावर बहुधा येऊन पिल्ले घेऊन जाते. त्या दिवशी ऊस थोडा कमी तुटला तर टोळीच्या मुकादमाने तसे स्लिपबॉयला सांगावे, तो तोडणीचा क्रम बघून घेईल.

कीड तपासून पाहिजे असेल त्यांनी अळी किंवा पतंग काड्यापेटीत घालून, बरोबर ते ज्या पानावर किंवा पोंग्यात सापडले तो तुकडा घेऊन सकाळी गट ऑफिसला यावे. चिरडलेली अळी आणू नये, पाठीवरच्या रेघा राहत नाहीत.